हात पोहोचतो का? लांब पल्ल्यासाठी शिडाची बोट पारखताना

मलेशियातल्या लंकावी बेटावर एक ३८ फुटी शिडाची बोट दाखवताना मालकाने आम्हाला आधी खाली केबिनमध्ये नेलं. नव्या गाद्या, पॉलिश केलेलं सागवान, फ्रिजमधलं गार पाणी. घेणारा निम्मा तिथेच विरघळतो. मी म्हटलं, गाद्या काढा आणि खालच्या फळ्या उचला. पुढचे दोन दिवस मी आणि माझी मुलगी टॉर्च घेऊन त्या बोटीत पोटावर पडून होतो.

मी २६ वर्षं व्यापारी जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली. समुद्रात कधीच बिघडणार नाही असं काही नसतं. प्रश्न एवढाच, की बिघडलं तर तिथे आपला हात पोहोचतो का? बंदरात मिस्त्री येईल. लंकावी ते श्रीलंकेतलं गॉल हे अंतर सुमारे १,२०० सागरी मैल आहे, आणि मधल्या पाण्यात मिस्त्री आपणच. बोटीचा प्रत्येक भाग मी याच प्रश्नाने तपासतो.

आधी थोडं कागदावरचं काम. युरोपीय नियमांप्रमाणे बांधलेल्या बोटीवर ‘ए’ वर्गाची पाटी असेल, तर ती वाऱ्याचा जोर मोजणाऱ्या ब्यूफर्ट मापावर आठपेक्षा जास्त वारा आणि चार मीटरपेक्षा उंच लाटा धरून आखलेली असते. पण ती पाटी बोट नवी असतानाची. १९७९ च्या फास्टनेट या शिडाच्या बोटींच्या शर्यतीत वादळात १५ स्पर्धकांचा जीव गेला. त्यानंतरच्या अभ्यासातून बोट उलटण्याचा धोका जोखणारं एक सोपं सूत्र आलं: बोटीचं पौंडातलं वजन ६४ ने भागायचं, त्याचं घनमूळ काढायचं आणि फुटातल्या रुंदीला त्याने भागायचं. उत्तर दोनपेक्षा कमी हवं. आमची बोट १२ फूट रुंद आणि १७,००० पौंडांची, म्हणून उत्तर १.८७ आलं. वजन खाली कीलमध्ये, म्हणजे तळाखालच्या जड पंखासारख्या भागात, आहे की वर डोलकाठीत, हे मात्र या सूत्राला कळत नाही. म्हणून डिझाइनरच्या कागदात बोट किती अंशांपर्यंत कलंडूनही परत उभी राहते तो आकडाही बघा. १२० अंशांच्या खाली असेल तर मी खोल समुद्राचा विचार सोडतो.

मग बोट पाण्याबाहेर काढायला लावा. क्रेनच्या पट्ट्यांत ती लटकत असताना कील आणि बोटीचा तळ यांच्या सांध्यावर नजर ठेवा. नंतर ती कीलवर टेकवली जाते तेव्हा पुन्हा तिथेच बघा. सांधा लटकताना उघडला आणि टेकल्यावर मिटला, तर तिथून पुढे जाऊ नका. बोट खडकावर आपटली की कीलचं मागचं टोक वर रेटलं जातं, म्हणून आतून बिल्जमध्ये, म्हणजे फळ्यांखालच्या पाणी साचणाऱ्या पोकळीत, नेमक्या त्याच जागी तडे, नवा रंग किंवा ताजं फायबर शोधा. २०१४ मध्ये अटलांटिकमध्ये ‘चीकी रफिकी’ या बोटीचं कील निखळलं आणि चार खलाशी गेले. आधी बोट समुद्राच्या तळाला टेकल्यामुळे आणि त्यानंतरच्या दुरुस्त्यांमुळे तो भाग कमकुवत झाला असण्याची शक्यता तपास अहवालात मांडली आहे. मालकाला सरळ विचारा: कधी टेकली होती का? कुठे, आणि दुरुस्ती कोणी केली?

सुकाणूबद्दल माझं मत ठाम आहे. एकाच दांड्यावर लोंबणारं सुकाणू बोटीला चपळ करतं, पण लांब पल्ल्याला मला ते कीलच्या किंवा स्केगच्या, म्हणजे सुकाणूच्या पुढे तळाला असलेल्या छोट्या पंखाच्या, आधाराला हवं. मुंबईत सागवानात बांधलेल्या ३२ फुटी ‘सुहेली’ने १९६८-६९ मध्ये न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली, तिचं सुकाणू लांब कीलच्या मागे होतं. भारतीय दर्यावर्दी अभिलाष टॉमी २०२२-२३ च्या गोल्डन ग्लोब या एकट्याने करायच्या पृथ्वीप्रदक्षिणेच्या शर्यतीत ज्या ३६ फुटी बोटीतून दुसरे आले, तिचंही तसंच. बोट बाहेर काढून दोन दिवस झाल्यावरही सुकाणूच्या पात्यातून तांबूस पाणी ठिबकत असेल, तर आतलं लोखंड कुजतंय असं समजा. आणि आपत्कालीन टिलर, म्हणजे चाक निकामी झालं तर सुकाणू हाताने फिरवायचा दांडा, प्रत्यक्ष लावून बघा. आमच्या बोटीत तो मागच्या बिछान्याखाली कोऱ्या पिशवीत होता. लावल्यावर कळलं, चाकाच्या खांबाला अडकून तो एका बाजूला जेमतेम २० अंश फिरतो.

आता तळाची भोकं. सी-कॉक, म्हणजे त्या भोकांवरचे पाणी बंद करायचे कॉक, किती आहेत ते मोजा, आमच्यात नऊ होते. शौचालयातल्या बेसिनखालचा सर्वांत अडचणीत होता. मी खांद्यापर्यंत हात आत घातला, दांडा हलेना. चाकूच्या टोकाने धातू खरवडला, तर पिवळ्याजर्द चमकेऐवजी गुलाबी खडूसारखा चुरा निघाला. हे साधं पितळ. खाऱ्या पाण्यात त्यातलं जस्त निघून जातं आणि मागे राहतो भुसभुशीत तांब्याचा सांगाडा. वरून रंग शाबूत असतो, पण लाथेसरशी तो तुटेल. अशा जागी कांसं हवं. नळीला दोन-दोन क्लिप हव्यात आणि प्रत्येक सी-कॉकला भोक बुजवायला मापाची लाकडी खुंटी बांधलेली हवी.

डेक वाजवून बघा. कुंभाराकडे आपण मडकं वाजवून घेतो, तसंच. मी स्क्रूड्रायव्हरची प्लास्टिकची मूठ वापरतो. खणखणीत आवाज आला तर आतलं बाल्साचं लाकूड कोरडं. बद्द आवाज आला की तिथे खडूने गोल काढायचा. आमचे गोल कठड्याच्या खांबांच्या बुडाशी गोळा झाले, कारण पाणी स्क्रूच्या भोकांतून झिरपतं. तळहाताएवढा डाग दुरुस्त होतो, डोलकाठीच्या बुडाशी पसरलेला डाग मात्र भाव पाडून मिळाला तरी घेऊ नका.

रिगिंगच्या, म्हणजे डोलकाठीला ताणून धरणाऱ्या, तारा दहा-बारा वर्षांच्या झाल्या असतील, तर त्या बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करा. माझी मुलगी डोलकाठीवर चढली आणि भिंगाने प्रत्येक जोड बघून आली. तार दिसते तरी. चेनप्लेट, म्हणजे तारा जिला बांधल्या जातात ती पोलादी पट्टी, डेकमधून आरपार जाते आणि बरोबर तिथेच हवा न मिळता ओली राहून आतल्या आत चिरत जाते. आमच्या बोटीत ती लाकडी अस्तरामागे बंद होती आणि अस्तरावर गंजाचा बारीक ओघळ उतरला होता. अस्तर कापायची परवानगी मी लेखी मागितली. मालक तयार झाला, म्हणून बोलणी पुढे गेली.

बाकीचं भराभर. इंजिन थंड असताना सुरू करा, आधी गरम करून ठेवलेलं नको. कॉकपिटमध्ये, म्हणजे सुकाणू धरणाऱ्याच्या उघड्या बैठकीत, बादल्यांनी पाणी भरा आणि उतरायला किती मिनिटं लागतात ते घड्याळात बघा. केबिनमध्ये डोळे मिटून चाला, हात टाकाल तिथे मूठ मिळायला हवी. झोपायला बोटीच्या मध्यावर अरुंद बिछाना हवा, टोकाची प्रशस्त खोली समुद्रात निरुपयोगी. पाण्याचा हिशोब सोपा: रोज १२० मैल धरले तर गॉलपर्यंत दहा दिवस, वर निम्मे जास्त धरून पंधरा. तीन माणसं, माणशी चार लिटर, म्हणजे १८० लिटर, आणि तेही दोन वेगळ्या टाक्यांत.

शेवटी शिडं लावून बाहेर जा, वीस नॉटचा वारा असेल त्या दिवशी. निघताना बिल्ज कोरडं पुसा, परतल्यावर पुन्हा हात फिरवा. तिथलं पाणी जिभेवर घ्या. गोडं असेल तर टाकी गळतेय, खारं असेल तर कुठून आलं ते सापडेपर्यंत विसार देऊ नका. हे सगळं ऑक्टोबरपर्यंत उरकेल असं बघा, कारण पश्चिमेला घेऊन जाणारा ईशान्य मोसमी वारा डिसेंबर ते मार्च मिळतो आणि नऊ सी-कॉक बदलायला आम्हाला पाच आठवडे लागले.