खर्रा सोडायचा? आधी तो केव्हा आठवतो ते लिहा

वावरात, पानठेल्यावर, लग्नाच्या मांडवात, ग्रामपंचायतीच्या ओट्यावर. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून केलेला खर्रा विदर्भातल्या गावात कुठं नाही? पाहुणा आला की पाण्याच्या तांब्यामागून पन्नी पुढे येते. 'मन घट्ट कर' हा सल्ला सगळेच देतात आणि दोन-तीन दिवसांतच दुपारच्या जेवणानंतर तो मोडतो. त्यात माणसाचा कमजोरपणा नसतो. सवय ठरावीक वेळेला, जागेला आणि माणसांना बांधलेली असते, आणि त्या गाठी कोणी सोडवलेल्याच नसतात.

तीन दिवस फक्त नोंद

पहिले ३ दिवस काहीही सोडू नका. खिशात चिठ्ठी आणि पेन ठेवा. पन्नी उघडण्याआधी चार गोष्टी लिहा: वेळ, जागा, सोबत कोण, नुकतंच काय चाललं होतं. रात्री आठवून लिहायचं नाही, कारण बरेच खर्रे लक्षातच राहत नाहीत. चिठ्ठी साधारण अशी होते:

६.३० – अंगण – एकटा – चहा झाला
९.०० – धुरा – सालदार – बैल थांबवले
१.०० – निंबाखाली – तिघं – शिदोरी झाली
५.३० – पानठेला – पाच जण – काहीच काम नव्हतं

आता हे नीट वाचा. सकाळचा खर्रा रात्रभर तंबाखूतलं निकोटिन न मिळाल्याची तलफ आहे. नऊचा खर्रा म्हणजे खरं तर विसावा. एकचा जेवणाची खूण. आणि साडेपाचचा? तिथं माणूस तंबाखूसाठी कमी, चार माणसांत बसण्यासाठी जास्त गेलेला असतो. चारही ठिकाणी एकच उपाय चालत नाही, हे इथंच कळतं.

वोल्फ्राम शुल्ट्झ या मेंदूशास्त्रज्ञानं माकडांना फळांचा रस देऊन केलेल्या प्रयोगांत दिसलं, की सवय लागल्यावर मेंदूतलं डोपामिन हे रसायन रस मिळताना नव्हे, तर रस येणार ही खूण दिसताच उसळतं. बाजूला कोणी पन्नी घोटायला लागला की त्या खरखरीनंच जीव ओढतो, त्याची जात हीच. म्हणून खुणेपाशी तयारी लागते. खर्रा हातात आल्यावर उशीर झालेला असतो.

प्रत्येक वेळेला एक वाक्य

पीटर गोलवित्झर या मानसशास्त्रज्ञानं १९९९ मध्ये मांडलं, की 'अमुक झालं की मी तमुक करीन' असं आधीच ठरवलेलं काम नुसत्या इराद्यापेक्षा जास्त वेळा पार पडतं. म्हणून 'खर्रा खाणार नाही' असं लिहू नका. लिहा: 'चहा झाला की लगेच उठून दात घासीन.' 'बैल थांबले की दोन घोट पाणी पिईन आणि धुऱ्यावर पाय मोकळे करीन.' 'शिदोरी झाली की डबी उघडीन.'

डबीत काय? ४ चमचे बडीशेप, २ चमचे भाजलेला जवस, १ चमचा ओवा, चिमूटभर मीठ. तोंड सोललेलं असेल तर ओवा आणि मीठ वगळा. ही डबी पानठेल्यावर फार उपयोगी पडते. खर्रा देणं ही गावात आपुलकीची रीत आहे; नुसतं 'नको' म्हटलं की समोरच्याला लागतं. 'नाई भाऊ, म्या सोडला. हे घे,' म्हणत डबी पुढं केली की रीतही राहते.

इथं एक मोठी चूक होते: तंबाखू सोडून साधी किंवा गोड सुपारी सुरू करणं. सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे, आणि तोंड आखडण्याच्या आजाराचं मुख्य कारणही तीच आहे. घरी कोणी दातांना गुडाखू लावत असेल, तर तीही तंबाखूच.

पहिला आठवडा

लग्नसराई आणि पोळा टाळून दिवस ठरवा. आदल्या रात्री घरातल्या, गाडीच्या डिक्कीतल्या, शर्टाच्या खिशातल्या पन्न्या फेकून द्या. चिडचिड, झोप न लागणं, बद्धकोष्ठ, जास्त भूक, कामात लक्ष न लागणं हे होणारच. पहिले २-३ दिवस सगळ्यात जड जातात, मग २ ते ४ आठवड्यांत त्रास ओसरतो. एकेक तलफ मात्र काही मिनिटांचीच असते. तेवढ्यात गोठ्यात चक्कर मारून यावं. घरच्यांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे त्या चिडण्याचं भांडण होत नाही.

तलफ आवरतच नसेल तर डॉक्टरांना विचारून २ मिलिग्रॅमचा निकोटिन गम घ्या. तो खर्ऱ्यासारखा सतत चघळायचा नाही. हीच चूक बहुतेकांची होते आणि मग उचक्या, पोटात जळजळ. हळू चावा, झिणझिण्या आल्या की गालाशी दाबून ठेवा, त्या ओसरल्या की पुन्हा चावा. असं अर्धा तास. आधी १५ मिनिटं आणि तोंडात असेपर्यंत चहा नको. गरोदर बाई आणि हृदयाचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांशिवाय घेऊच नये. १८००-११-२३५६ या सरकारी तंबाखूमुक्ती क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो.

एखादा खाल्ला गेला तर

लंडनमधल्या २०१० च्या एका अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कोणाला १८, तर कोणाला २५४ इतके पडतील असा अंदाज निघाला. त्यातच दिसलं, की एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडत नाही. तो अभ्यास फळं खाणं, पाणी पिणं, व्यायाम अशा सवयींचा होता, म्हणून तो डबीच्या सवयीला लागू धरा. खर्ऱ्याचं तसं नाही. एक खाल्ला की निकोटिन पुन्हा ओढतं. तेव्हा 'आता मोडलंच' म्हणून पन्नी पूर्ण करू नका. थुंका, चूळ भरा, चिठ्ठीवर चार गोष्टी लिहा. तिथं बहुधा नोंदीतून सुटलेली पाचवी खूण सापडते: तेरवीची पंगत, तालुक्याला जाताना एसटीची वाट पाहणं, भाव पडल्याची बातमी.

सोडल्यावरही महिन्यातून एकदा उजेडात आरशासमोर तोंड उघडा. तीन बोटं उभी आत जात नसतील, तिखटानं आग होत असेल, पांढरा किंवा लाल चट्टा असेल, किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल, तर ग्रामीण रुग्णालयात दाखवा.

आणि लेकराला पन्नी आणायला ठेल्यावर पाठवणं आजच बंद करा. तो रस्ता, तो वास आणि ती खरखर त्याच्या डोक्यात तिथूनच बसते.