जुन्या डिझेल गाडीचा इंधनपुरवठा कसा सुधारावा: टाकीपासून पंपापर्यंत

साताऱ्याहून कासकडे निघालं की यवतेश्वरच्या घाटात गाडीचा कस लागतो. आमची १९९७ ची डिझेल गाडी सपाटीला व्यवस्थित पळायची, घाटात मात्र दम तोडायची. ॲक्सिलरेटर दाबून धरला तरी आवाज बसायचा, दोन झटके द्यायची आणि पुन्हा सुरळीत. गॅरेजमध्ये डिझेल पंपाचा, म्हणजे इंजिनला दाबाने डिझेल देणाऱ्या पंपाचा, स्क्रू फिरवून 'डिझेल वाढवून' दिलं. झटके तसेच राहिले, वर काळा धूर सुरू झाला.

दोष सापडला तो टाकीजवळ, लोखंडी पाइपला जोडलेल्या बोटभर लांबीच्या रबरी होजमध्ये. जागेवर असताना तो धडधाकट दिसत होता. काढून दोन बोटांत वाकवला, तेव्हा उन्हाळ्यात तळ्याच्या गाळाला पडतात तशा बारीक भेगा उघडल्या. खाली डिझेलचा एक थेंबही नव्हता, कारण हा भाग ओढीचा. इंजिन चालू असताना इथून डिझेल बाहेर येत नाही, बाहेरची हवा आत जाते. म्हणून मी कळकळीने सांगतो, स्क्रूला हात लावण्याआधी टाकी ते पंप ही सगळी लाइन नीट करा. (हे सगळं जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाड्यांसाठी आहे. कॉमन रेलच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या नव्या डिझेल यंत्रणेच्या, गाडीवर हे प्रयोग करू नका.)

आधी तपासणी

फिल्टर आणि डिझेल पंप यांच्यामध्ये फूटभर पारदर्शक डिझेल पाइप तात्पुरता जोडा आणि इंजिन चालू करा. सुरुवातीचे दोन-चार बुडबुडे निघून गेले तर ठीक. बुडबुड्यांची माळ थांबतच नसेल, तर गाडी एअर घेते आहे. सकाळी बराच वेळ स्टार्टर मारावा लागत असेल, तर तेही याचंच लक्षण. रात्रभरात लाइनमधलं डिझेल टाकीत परत उतरलेलं असतं.

मग गाडी उभी ठेवून, पाच लिटरच्या स्वच्छ कॅनमधून फीड पंपाला (टाकीतून डिझेल ओढून पुढे देणारा छोटा पंप) डिझेल द्या. रिटर्न पाइपही (उरलेलं डिझेल टाकीत परत नेणारा) त्याच कॅनमध्ये सोडा, नाहीतर कॅन बघता बघता रिकामा होईल. रेस दिल्यावर बुडबुडे गायब झाले, तर दोष टाकी आणि फीड पंप यांच्यामध्ये आहे. तसेच राहिले, तर फीड पंप आणि फिल्टरचे जोड तपासा. घाटात अडखळल्यावर टाकीचं झाकण सैल करताच गाडी सुधारली, तर टाकीचा हवेचा मार्ग तुंबला आहे.

ऑइलची डिपस्टिकही काढून बघा. पातळी आपोआप वाढली असेल आणि ऑइलला डिझेलचा वास येत असेल, तर डायफ्रॅमच्या फीड पंपाचा पडदा फाटलेला असू शकतो. अशी गाडी एक किलोमीटरही चालवू नका.

टाकी आणि पाइप

टाकी रिकामी करून उतरवा, तळाचा गाळ आणि पाणी काढा, आतली जाळी धुवा. टाकी गळत असेल तरी तिला घरी वेल्डिंग लावू नका. रिकाम्या टाकीतली वाफ पेट घेते.

सगळे रबरी होज बदला, एकही जुना ठेवू नका. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ डिझेल आलं आणि गंधकाचं प्रमाण दहा लाख भागांत १० वर आलं. कमी गंधकाच्या डिझेलमध्ये वर्षानुवर्षं जुन्या डिझेलमध्ये फुगलेले रबरी सील आकसू शकतात आणि पाझरायला लागतात. होज डिझेलसाठीच बनवलेला घ्या. बागेची नळी तर नकोच, आणि मूळ मापापेक्षा बारीक पाइपही नको. बँजो बोल्टचे (पाइप जोडणारा आतून पोकळ बोल्ट) तांब्याचे वॉशर प्रत्येक वेळी नवे टाका. तिथे टेफ्लॉन टेप गुंडाळू नका, तिचा तुकडा पंपात गेला तर खर्च मोठा होतो.

फिल्टर आणि इलेक्ट्रिक पंप

खरी सुधारणा इथे होते. क्रम असा ठेवा: टाकी, पाणी वेगळं करणारा सेपरेटर, इलेक्ट्रिक फीड पंप, मुख्य फिल्टर, मग डिझेल पंप. इलेक्ट्रिक पंप टाकीजवळ आणि शक्य तितका खाली बसवा. असे पंप डिझेल ढकलतात चांगलं, ओढतात कमी. सेपरेटरचा नळ हाताला येईल असा ठेवा. पावसाळ्यात तो वरचेवर उघडावा लागतो.

पंप घेताना दाब बघा. रोटरी डिझेल पंपाला (एकच फिरता भाग सगळ्या सिलिंडरना डिझेल वाटतो तो) साधारण ३ ते ५ पीएसआय पुरतं. त्याच्या आतला दाब टायमिंगही ठरवतो, म्हणून जास्त दाबाचा पंप लावला तर टायमिंग बिघडतं आणि शाफ्टचा सील जाऊ शकतो. इनलाइन पंपाला (प्रत्येक सिलिंडरसाठी वेगळा प्लंजर असलेला) त्याचा स्वतःचा प्लंजरचा फीड पंप असतो. तो चांगला असेल तर फक्त सर्व्हिस करा, इलेक्ट्रिक पंपाची गरज नाही. डायफ्रॅमचा जुना फीड पंप असेल तर तो काढून जागा प्लेटने बंद करा. नाहीतर पडदा फाटल्यावर इलेक्ट्रिक पंप डिझेल सरळ ऑइलमध्ये ढकलत राहील.

वायरिंगला फ्यूज आणि रिले हवाच. ऑइल प्रेशर नसेल तेव्हा पंप बंद पडेल अशी जोडणी ऑटो इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. अपघातात इंजिन बंद पडलं आणि पंप चालूच राहिला, तर फुटलेल्या पाइपमधून डिझेल रस्त्यावर येईल.

एअर काढणे

नवा फिल्टर वरून डिझेल ओतून भरू नका. न गाळलेलं डिझेल त्याच्या स्वच्छ बाजूला जातं. हँड प्रायमर (हाताने दाबून डिझेल भरायचा छोटा पंप) किंवा इलेक्ट्रिक पंप चालवूनच तो भरा. फिल्टरचा एअर स्क्रू सैल करा. आधी फेस येईल, मग फेस आणि डिझेल, मग अखंड धार. धार आली की स्क्रू आवळा आणि हेच डिझेल पंपाच्या एअर स्क्रूला करा. शेवटी दोन नोझलचे (इंजिनमध्ये डिझेल फवारणारे भाग) नट अर्धा आटा सैल करून स्टार्टर मारा, पण एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नको.

इथे हात आणि डोळे लांब ठेवा. नोझलकडचा दाब शंभर बारच्या वर असतो. ती बारीक फवार कातडीतून आत घुसते. जखम टाचणीएवढी दिसते, पण तरीही ताबडतोब दवाखाना गाठा.

मग नोझल, सर्वांत शेवटी पंप

नोझल उतरवून पंप-नोझलवाल्याकडे टेस्टिंगला द्या. फवारा कसा पडतो आणि सगळ्यांचा दाब सारखा आहे का, हे टेस्टरवर तुमच्यासमोर बघा. धूर किंवा मिसिंग (इंजिनाचं झटके देत चालणं) तरीही राहिलं, तरच पंप कॅलिब्रेशनला द्या. डिझेल वाढवण्याचा स्क्रू तिथे मोजमापानेच फिरतो.

आमच्या गाडीचा स्क्रू असाच मूळ जागी आणला आणि पुन्हा यवतेश्वर चढलो. त्याच वळणाला तिसरा गिअर राहिला आणि आरशात धूर दिसला नाही. शंभर किलोमीटरनंतर सगळ्या क्लिपा पुन्हा आवळल्या. पाचशेनंतर फिल्टर बदलला, तेव्हा जुन्या पाइपांचा राहिलेला गंज त्याच्या तळाशी चमचाभर जमला होता.