जुनी मोटारसायकल घेताना आधी इंजिनाला हात लावा

विकणाऱ्याला सांगून ठेवा, मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. गेल्यावर इंजिनाला हात लावून पाहा. गरम लागलं तर थंड गाडी सुरू व्हायला कुरकुर करते, हे लपवलेलं असू शकतं. दुपारच्या उन्हात उभ्या गाडीवर मात्र ही परीक्षा फसते. जळगाव-भुसावळचा मे महिना लोखंड असंच तापवतो. म्हणून सकाळी जा.

सुरू झाल्यावर सायलेन्सरकडे बघा. थंडीत पांढरी वाफ चालते. निळसर धूर येत राहिला तर ऑइल जळतंय, म्हणजे इंजिनातली पिस्टन रिंग किंवा व्हॉल्व्ह सील गेलं. अशा गाडीला नवशिक्याने नमस्कार करावा. काळ्या मातीची धूळ खाल्लेल्या गाडीत हे जास्त दिसतं, तेव्हा एअर फिल्टर उघडून बघाच.

मधल्या स्टँडवर लावून पुढचं चाक अधांतरी करा, हँडल सावकाश फिरवा. मध्येच अडकलं तर कोनसेट (हँडलचे बेअरिंग) गेला. स्प्रॉकेटचे, म्हणजे चेनच्या दातेरी चाकाचे, दात आकड्यासारखे वाकलेले असतील तर चेनसेटचे पैसे किमतीतून कापा. टायरवरचे चार आकडे वाचा: 2319 म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा.

चेसिस आणि इंजिन नंबर आरसी बुकाशी स्वतः ताडा. एमएच 18, 19, 39 (धुळे, जळगाव, नंदुरबार) ठीक; सुरत किंवा बऱ्हाणपूरकडची गाडी स्वस्त दिसते, पण तिथल्या आरटीओची एनओसी (ना-हरकत दाखला) आणि इथला रोड टॅक्स धरून हिशोब करा. कर्जाचा बोजा असेल तर बोजा उतरवण्याचा फॉर्म 35 आणि बँकेचं पत्र हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या तिथल्या तिथे.