दृष्टी गेलेल्या माणसाला टॉकबॅक शिकवताना

काचबिंदूमुळे माझ्या मावशीला दिसेनासे झाले, तेव्हा आम्ही तिला अँड्रॉइड फोन घेऊन दिला आणि पहिल्याच संध्याकाळी घरातल्या तिघांनी त्यातला टॉकबॅक, म्हणजे स्क्रीनवरचे सगळे बोलून दाखवणारी सोय, तीनदा बंद केला, कारण बोट लावूनही काही उघडत नसल्याने फोन बिघडला असे प्रत्येकाला वाटले. टॉकबॅक चालू असताना एकदा स्पर्श केल्यास तिथे काय आहे एवढेच फोन वाचून दाखवतो. ते उघडण्यासाठी दोनदा पटकन टॅप करावे लागते. शिकवणाऱ्या डोळस माणसाने ही सवय आधी स्वतःला लावून घ्यावी.

सुरुवात शॉर्टकटपासून करावी. सेटिंग्जमधील अ‍ॅक्सेसिबिलिटीत टॉकबॅकचा शॉर्टकट चालू केला, की आवाज कमी-जास्त करण्याची दोन्ही बटणे तीनेक सेकंद एकत्र दाबून टॉकबॅक केव्हाही चालू-बंद करता येतो. मग टेक्स्ट टू स्पीच या, मजकूर वाचणारा आवाज ठरवण्याच्या सेटिंगमध्ये मराठी आवाज निवडून तो फोनमध्ये उतरवून ठेवावा, म्हणजे नेट नसतानाही फोन मराठीत बोलेल. बोलण्याचा वेग सुरुवातीला कमीच असू द्यावा. कानाला सवय झाली, की शिकणारी व्यक्ती तो आपणहून वाढवून मागते.

पहिल्या आठवड्यात तीनच गोष्टी पुरेत: पुढच्या गोष्टीवर जाण्यासाठी एक बोट उजवीकडे सरकवणे, मागच्या गोष्टीसाठी डावीकडे आणि उघडण्यासाठी दोनदा टॅप. मावशीला यातही अडचण येत होती. बोट ती बरोबर सरकवत होती, पण फोन तळहातात धरल्यामुळे दुसऱ्या हाताचा अंगठा काचेच्या कडेला टेकत होता, आणि फोन ती दोन बोटांची खूण समजून अख्खे पानच सरकवत होता. फोन टेबलावर सपाट ठेवला आणि अडचण संपली. शिकवताना तिचे बोट धरून फिरवण्याचा मोह मलाही झाला, पण तसे कधीही करू नये, कारण हाताला वाट सापडते ती स्वतः चुकूनच.

काही अ‍ॅपमधील बटणांना नाव दिलेले नसते, त्यामुळे टॉकबॅक तिथे नुसते ‘बटण’ म्हणतो आणि पैसे पाठवायचे बटण कोणते व रद्द करायचे कोणते, हे ऐकणाऱ्याला कळत नाही. हा दोष वापरणाऱ्याचा नव्हे, अ‍ॅप बनवणाऱ्याचा आहे. बऱ्याच ठिकाणी टॉकबॅकच्या मेनूतून अशा बटणाला आपण स्वतः लेबल देऊ शकतो. घरच्यांनी एक दुपार काढून नेहमीच्या अ‍ॅपमधील अशी बटणे शोधावीत आणि त्यांना मराठी नावे द्यावीत.

लोकलच्या गर्दीत फोन वापरायचा असेल, तर त्याच मेनूतून स्क्रीन लपवता येते. फोन बोलत राहतो, शेजारच्याला मात्र काळा पडदाच दिसतो. इयरफोन एकाच कानात घालावा. दुसरा कान फलाटावरील उद्घोषणेसाठी आणि दिव्यांगांचा डबा कुठे थांबेल हे सांगणाऱ्या बीपसाठी मोकळा हवा.

नोटा ओळखण्यासाठी रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२० रोजी आणलेले मणी (MANI) हे अ‍ॅप फोनमध्ये अवश्य असावे; ते नेटशिवायही चालते. नव्या १०० आणि २०० रुपयांच्या नोटांची रुंदी सारखीच, ६६ मिलिमीटर आहे आणि लांबीत फरक आहे तो अवघा ४ मिलिमीटरचा, त्यामुळे भाजीवालीसमोर घाईत बोटांवर विसंबणे कठीण जाते.

घरी शिकवणे जमत नसेल, तर वरळीच्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडमध्ये किंवा धोबी तलावच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील दृष्टिबाधितांसाठीच्या केंद्रात चौकशी करावी. जाताना शिकणाऱ्याचा स्वतःचा फोन बरोबर न्यावा, कारण खुणा त्याच असल्या तरी प्रत्येक कंपनीच्या फोनमध्ये सेटिंग्जची मांडणी थोडी वेगळी असते.