टेस्टिंगहून परत आलेलं तिकीट: टीमसाठी प्रोजेक्ट मॅनेजमेंट टूल कसं निवडावं

जिरा, ट्रेलो, रेडमाइन, लिनिअर, गिटहब प्रोजेक्ट्स यांची तुलना करायची म्हटलं की लोक फीचर्सचा तक्ता उघडतात. तो बंद करा. त्यात जवळपास प्रत्येक टूलपुढे बरोबरची खूण असते आणि तुमच्या टीमचं काम अडतं कुठे, हे त्यातून कळत नाही.

१. आधी चाळणी. माणसं किती आणि डेटा कुठे राहायला हवा, एवढं ठरलं की निम्मी नावं गळतात. जिराच्या क्लाउडचा मोफत प्लॅन १० जणांपर्यंतच आहे. डेटा स्वतःच्याच सर्व्हरवर हवा असेल तर रेडमाइन किंवा ओपनप्रोजेक्ट बघा; जिराच्या जुन्या सर्व्हर आवृत्तीचा सपोर्ट १५ फेब्रुवारी २०२४ ला संपला. रेडमाइनला लायसन्सचे पैसे पडत नाहीत, पण अपडेट आणि बॅकअप करणाऱ्याचे तास खर्चात धरा.

२. दोनच टूल चाचणीला घ्या. तिसरं घेतलंत तर एकही नीट वापरून होत नाही.

३. खरी तिकिटं, म्हणजे टूलमध्ये नोंदवलेली एकेक कामं, चालवून बघा. सगळा निकाल इथे लागतो, आणि मी सपशेल चुकलो तोही इथेच.

टूलसोबत येणारा नमुना प्रोजेक्ट वापरू नका. त्यातलं प्रत्येक काम डावीकडून उजवीकडे शहाण्यासारखं सरकतं. त्याऐवजी मागच्या स्प्रिंटमधली (ठरलेल्या काही आठवड्यांच्या कामाच्या टप्प्यातली) पंधरा संपलेली तिकिटं घ्या. टेस्टिंगहून दोनदा परत आलेलं एक, दुसऱ्या टीमपायी अडकलेलं एक आणि स्प्रिंटच्या मध्येच क्लायंटकडून आलेला तातडीचा बग, ही तीन त्यात हवीतच. ती जशी घडली तशीच दोन्ही टूलमध्ये पुन्हा चालवा.

काही वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका टीमसाठी मी नुसता डेमो बघून टूल पसंत केलं होतं. तिकीट मागे ढकलून बघायचं मला सुचलंच नाही. महिन्याभरात बोर्डावर चौदा स्टेटस (तिकीट कोणत्या टप्प्यावर आहे ते सांगणारी नावं) झाले: ‘रीओपन’, ‘क्यूए फेल’, ‘फिक्स झालं, पुन्हा बघा’ आणि असेच आणखी. परत आलेलं काम आता कोणाकडे आहे, हे बोर्डावर कळेना. शेवटी आमच्या टेस्टरनं एक्सेलची शीट काढली आणि स्टँडअपला (रोजच्या छोट्या बैठकीला) सगळे तीच उघडू लागले. तिचं काहीच चुकलं नव्हतं. तिला जे हवं होतं ते मी तपासलंच नव्हतं.

म्हणून तिकीट मागे ढकला आणि तीन गोष्टी बघा: ते आपोआप कोणाच्या नावावर जातं, परत का आलं हे लिहिल्याशिवाय पुढे सरकता येतं का, आणि ते किती वेळा परत आलं हे महिन्यानंतर शोधता येतं का.

ट्रेलोत कार्ड कुठल्याही यादीतून कुठल्याही यादीत ओढता येतं, कोणी अडवत नाही. एकमेकांशेजारी बसणाऱ्या पाच जणांना ते पुरतं. पंधरा जण झाले की पुरत नाही. जिरात कारण विचारणारी खिडकी आणि नाव बदलणारा नियम दोन्ही बसवता येतात, पण ते सांभाळायला एक ठरलेला माणूस हवा. सगळ्यांना अॅडमिन केलंत की पुन्हा चौदा स्टेटस. रेडमाइनमध्ये कोणत्या भूमिकेचा माणूस तिकीट कुठून कुठे नेऊ शकतो, हे खुणा करून ठरवता येतं. दिसायला जुनाट, पण कामाला चोख.

गिटहबची एक गोष्ट आधीच ठरवून ठेवा. पुल रिक्वेस्टच्या (कोडमधला बदल स्वीकारण्याच्या विनंतीच्या) वर्णनात ‘फिक्सेस’ (Fixes) आणि इश्यूचा, म्हणजे गिटहबवरच्या तिकिटाचा, क्रमांक लिहिला, की ती मुख्य ब्रँचमध्ये मर्ज होताच (बदल मूळ कोडमध्ये मिसळताच) इश्यू आपोआप बंद होतो. डेव्हलपरला बरं वाटतं, पण टेस्टरनं अजून हातही लावलेला नसतो. तुमच्याकडे टेस्टिंग मर्जनंतर होत असेल तर तो शब्द वापरायचाच नाही, असा टीमचा नियम करा. लिनिअरमध्ये मर्ज झाल्यावर कोणता स्टेटस लागावा हे टीमनुसार ठरवता येतं. तिथे ‘डन’ न ठेवता ‘टेस्टिंग’ ठेवा.

चाचणी मॅनेजरनं करू नये. टेस्टर आणि टीममधला सर्वांत नवा डेव्हलपर यांच्या हाती द्या आणि शेजारी गप्प बसा. स्टेटस सहाच्या वर जाऊ देऊ नका. काम एका हातातून दुसऱ्या हातात जात असेल तरच नवा स्टेटस, एरवी लेबल पुरे.

४. बाहेर पडून बघा. चाचणीच्या शेवटच्या दिवशी सगळं एक्सपोर्ट करा आणि फाइल खरंच उघडा. जिराच्या सीएसव्हीत आणि ट्रेलोच्या जेसनमध्ये (एक्सपोर्ट केलेल्या फाइलीचे हे दोन प्रकार) तिकिटांना जोडलेल्या फाइलींच्या फक्त लिंक येतात, फाइली येत नाहीत. खातं बंद करण्याआधी त्या वेगळ्या उतरवून घ्याव्या लागतात.

५. दर. बहुतेक ठिकाणी माणशी, महिन्याला. कंत्राटी टेस्टर मोजायला विसरू नका.

६. बदल स्प्रिंटच्या पहिल्या दिवशीच करा. फक्त उघडी तिकिटं नव्या टूलमध्ये आणा. बंद झालेली जुन्या टूलमध्ये वाचण्यापुरती राहू द्या, आणि तिथे लिहिण्याची परवानगी त्याच सकाळी सगळ्यांची काढा, स्वतःचीसुद्धा.