कवी दत्तांच्या नोंदीला शीर्षक देताना : माझा अनुभव

ऑनलाइन ज्ञानकोशासाठी कवी दत्तांवर (१८७५–१८९९) छोटी नोंद लिहिली. मजकूर लवकर झाला, अडलं ते शीर्षकापाशी. नुसतं ‘दत्त’ लिहिलं तर वाचक थेट गाणगापूर-नरसोबाच्या वाडीच्या दत्ताकडे जाणार! केशवसुतांना ही अडचण नाही. ते नाव दुसऱ्या कुणाचंच नाही. ‘कवी दत्त’ बोलायला गोड, पण शीर्षकात उपाधी मला पटत नाही. उद्या ‘कवी बी’, ‘कवी ग्रेस’ अशी रांगच लागेल. ‘दत्तात्रय कोंडो घाटे’ हे नाव अचूक, पण त्या नावाने त्यांना शोधणार कोण? लेखक वि. द. घाट्यांचे वडील म्हणून ओळखणारेही थोडेच.

शेवटी ‘दत्त (कवी)’ हे शीर्षक ठेवलं. पूर्ण नावावरून आणि ‘कवी दत्त’वरून पुनर्निर्देशन दिलं, म्हणजे ती नावं शोधणाराही याच नोंदीवर येईल. लोक ‘दत्तात्रेय’ असंही लिहितात, म्हणून तेही जोडलं. देवाच्या लेखाच्या माथ्यावर कवीकडे नेणारी एक ओळ टाकली. पहिल्या वाक्यात मात्र पूर्ण नावच आहे. चोविसाव्या वर्षी गेलेल्या या कवीचं अंगाईगीत घरोघरी गायलं गेलं. ते आवडणाऱ्याला कवी सापडलाच पाहिजे.