नदीच्या पाण्यावर नजर ठेवणारा गट कसा उभारावा

नदी वाचवायची म्हटलं की बहुतेक गट काठावरचा कचरा उचलण्यापासून सुरुवात करतात. त्यातून माणसं जोडली जातात, काठ बरा दिसतो, पण पाणी होतं तसंच राहतं. नदीला जे आतून पोखरतं ते बहुतांशी विरघळलेलं असतं किंवा डोळ्यांना दिसतच नाही: सांडपाण्यातले जिवाणू, शेतातून वाहून आलेलं नायट्रेट, कमी होत चाललेला ऑक्सिजन. हे मोजावं लागतं, तेही त्याच जागी, त्याच पद्धतीने, वर्षानुवर्षं. छोट्या संस्थेकडे अधिकार नसतो आणि पैसाही बेताचाच असतो. पण एका नदीची सलग, विश्वासार्ह नोंद ती ठेवू शकते, आणि अशी नोंद अनेकदा सरकारी यंत्रणेकडेही नसते. पुढचं सगळं त्या नोंदीसाठी.

पायरी १: आधी नकाशा

नदी म्हणजे नुसतं पात्र नव्हे. ज्या ज्या जमिनीवर पडलेला पाऊस शेवटी या पात्रात येतो, ती सगळी जमीन तिचं पाणलोट क्षेत्र. समोच्च रेषांचा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा) नकाशा घ्या आणि नदीच्या ज्या बिंदूपर्यंत तुम्हाला काम करायचं आहे तिथून दोन्ही बाजूंनी डोंगरधार गाठत रेघ ओढा. समोच्च रेषा ओढ्याला ओलांडताना टोकदार वळतात आणि ते टोक चढाच्या दिशेला असतं. डोंगराच्या सोंडेवर हेच उलट, टोक उताराकडे. एवढं लक्षात ठेवलं तर रेघ फारशी चुकत नाही.

मग त्या रेघेच्या आत काय काय आहे ते भरा: वस्त्या, कारखाने, सांडपाण्याचे पाइप, गोठे, खाणी, शेती, कचरा टाकण्याच्या जागा, छोटे नाले. हे घरात बसून होत नाही. ओढ्याकाठाने चालत जा, शक्यतो कोरड्या दिवसांत. बरेच दिवस पाऊस नसतानाही एखादा पाइप वाहत असेल, तर ते पावसाचं पाणी नाही हे उघड आहे. त्यावर खूण करा.

पायरी २: माणसं आणि नियम

सुरुवातीला चार-पाच नेमाने येणारी माणसं पुरतात. नोंदणी, खातं, हिशेबाचा जबाबदार माणूस हे सगळं तुमच्या भागातल्या कायद्याप्रमाणे करा. एक गोष्ट मात्र पहिल्याच बैठकीत लिहून ठेवा: नदीत सांडपाणी सोडणाऱ्याकडून पैसे घ्यायचे की नाही. माझं मत विचाराल तर घेऊ नयेत. पुढे कधी तुमचा आकडा त्याच्या बाजूने गेला, तरी त्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही.

खाजगी जमिनीतून पात्राकडे जायचं असेल तर मालकाची लेखी परवानगी घ्या. हे कंटाळवाणं वाटतं, पण परवानगीशिवाय घेतलेला नमुना वादात पहिल्यांदा बाद होतो.

पायरी ३: जागा निवडा

जागा थोड्या ठेवा. पंधरा ठिकाणी कधीमधी जाण्यापेक्षा पाच ठिकाणी दर महिन्याला जाणं कितीतरी मोलाचं. एक जागा सगळ्या उपद्रवाच्या वर, उगमाकडे हवी. बाकीच्या आकड्यांना अर्थ येतो तो तिच्याशी तुलना करून. मग उपनदी मिळते तिथे संगमाच्या वर आणि खाली, आणि संशयास्पद पाइपच्या वर आणि खाली. खालची जागा पाइपला चिकटून घेऊ नका. सांडपाणी बरंच अंतर काठाकाठानेच वाहत जातं, मुख्य प्रवाहात लगेच मिसळत नाही. ते नीट मिसळल्यानंतरची जागा पकडा. पूल सोयीचा असतो, कारण पाणी वाढलं तरी वरून बादली सोडता येते.

पायरी ४: काय मोजायचं

इथे नवे गट गोंधळतात, कारण बाजारात मोजपट्ट्या, किट आणि मीटर यांची रेलचेल आहे. सुरुवातीला तापमान, सामू (पीएच, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी की अल्कधर्मी), विरघळलेला ऑक्सिजन, गढूळपणा आणि विद्युतवाहकता एवढं पुरे.

ऑक्सिजन आणि तापमान नेहमी जोडीने वाचायचे. हवेशी समतोलात असलेल्या गोड्या पाण्यात समुद्रसपाटीला २० अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे ९.१ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, ३० अंशांना सुमारे ७.५. म्हणजे नुसतं पाणी तापलं तरी ऑक्सिजन घटतो, प्रदूषण नसतानाही. म्हणून काठावरची झाडं तोडणं हाही पाण्याच्या गुणवत्तेचाच प्रश्न आहे. ऑक्सिजन ५ मिलिग्रॅमच्या खाली उतरू लागला की बऱ्याच माशांची तगमग सुरू होते.

वेळही तितकीच महत्त्वाची. दिवसा पाणवनस्पती आणि शेवाळ ऑक्सिजन सोडतात, रात्री तेच तो वापरतात. त्यामुळे पहाटे, सूर्य उगवायच्या सुमाराला आकडा सगळ्यात खाली असतो आणि दुपारनंतर सगळ्यात वर. शेवाळाने भरलेली नदी दुपारी मोजाल तर ठणठणीत वाटेल. एका महिन्यात सकाळी आणि दुसऱ्या महिन्यात दुपारी मोजलेले आकडे शेजारी ठेवू नका. जमेल तेव्हा एखादी फेरी मुद्दाम पहाटे करा.

ऑक्सिजन मोजायची जुनी रासायनिक रीत हंगेरियन रसायनशास्त्रज्ञ विंकलर यांची, १८८८ सालची, आणि ती आजही मीटर तपासून घ्यायला वापरतात. बाटली पाण्याखालीच भरायची, आत बुडबुडा राहू द्यायचा नाही, आणि रसायनं जागेवरच घालून ऑक्सिजन बांधून टाकायचा. बाटली घरी नेऊन मग मोजू म्हटलं तर तो आकडा वाया गेला.

विद्युतवाहकता पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देते. ती कशामुळे वाढली हे सांगत नाही, पण ओढ्याकाठाने मीटर बुडवत चालत गेलात तर आकडा जिथे अचानक उडी मारतो तिथे काहीतरी येऊन मिळतंय हे लगेच समजतं. चोरून सोडलेलं पाणी शोधायला याच्याइतकं स्वस्त साधन नाही. गढूळपणासाठी खोल, संथ पाण्यात सेकी तबकडी चालते: दोरीला बांधलेली काळीपांढरी चकती, जी दिसेनाशी होईपर्यंत खाली सोडायची. १८६५ मध्ये इटालियन खगोलशास्त्रज्ञ आंजेलो सेकी यांनी समुद्रात वापरलेली ही युक्ती उथळ ओढ्यात मात्र निरुपयोगी, कारण तिथे आधी तळच दिसतो. तिथे तळाशी खूण असलेली पारदर्शक नळी वापरा.

नायट्रेट आणि फॉस्फेट नंतर जोडा. नायट्रेटच्या अहवालात एकक वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. काही प्रयोगशाळा आकडा नायट्रेट म्हणून देतात, काही त्यातल्या नायट्रोजनचा म्हणून, आणि दोन्हींत सुमारे ४.४ पटींचा फरक आहे. या एका गफलतीने नदी कागदावर रातोरात सुधारते किंवा बिघडते.

पायरी ५: नमुना घेताना

नेहमी दोघांनी जायचं. पाणी गुडघ्याच्या वर असेल किंवा पूर असेल तर पात्रात उतरायचं नाही. एखाद्या महिन्याची नोंद कोरी राहिली तर राहू दे. हातमोजे घाला, जखम उघडी ठेवू नका, नंतर साबणाने हात धुवा. लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूंमुळे येणारा ताप अशाच पाण्यातून होतो.

तोंड प्रवाहाच्या वरच्या दिशेला ठेवून उभे राहा, म्हणजे तुमच्या पायांनी ढवळलेला गाळ बाटलीत येणार नाही. साधी बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा, ते पाणी खालच्या अंगाला ओता, मग मुख्य धारेतून, पृष्ठभागाखालून भरा. तवंग आणि तळाचा गाळ दोन्ही टाळा.

जिवाणूंसाठीची निर्जंतुक बाटली मात्र विसळायची नाही. झाकणाच्या आत बोट लावायचं नाही, वर थोडी रिकामी जागा ठेवायची, बाटली बर्फात, अंधारात ठेवायची आणि साधारण सहा तासांत प्रयोगशाळेत पोचवायची. म्हणून जिवाणूंची फेरी ठरवण्याआधी प्रयोगशाळेला फोन करून त्या दिवशी नमुने घेतील का ते विचारून घ्या. ई. कोलाय हा आतड्यात राहणारा जिवाणू सापडला तर विष्ठा पाण्यात येत असल्याचं ते ठळक लक्षण. ती माणसांची की जनावरांची, हे या चाचणीतून कळत नाही.

पायरी ६: दगड उलटून पाहा

मीटर त्या क्षणाचं सांगतो. रात्री कोणी टाकी ओतली आणि सकाळी पाणी वाहून गेलं, तर मीटरला पत्ताही लागत नाही. तळाच्या दगडांखाली महिनोन्महिने राहणाऱ्या किड्यांना मात्र ते भोगावं लागतं. उथळ, खळखळत्या भागात जाळी उभी धरा, तिच्या वरच्या बाजूला पायाने दगड हलवा आणि जाळीत आलेलं पांढऱ्या ट्रेमध्ये ओता. मेफ्लाय, स्टोनफ्लाय, कॅडिसफ्लाय या प्रदूषण न सोसणाऱ्या कीटकांच्या अळ्या आणि पिल्लं भरपूर असतील तर पाणी बहुधा चांगलं. त्यांचा पत्ता नाही आणि उरलेत फक्त लाल अळ्या आणि गाळातले बारीक किडे, तर ऑक्सिजन वारंवार संपतो आहे असं समजा. त्या अळ्यांचा लाल रंग हिमोग्लोबिनचा, ज्याच्या जोरावर त्या तशा पाण्यात तगून राहतात. पाहून झालं की सगळे जीव परत सोडा. शाळेतल्या मुलांना नदीशी जोडण्यासाठी दुसरं काही शोधायची गरज नाही.

पायरी ७: वही

प्रत्येक नोंदीत तारीख, वेळ, जागा, मोजणाऱ्यांची नावं, गेल्या दोन दिवसांतला पाऊस, पाण्याचा रंग आणि वास, आणि दरवेळी त्याच ठिकाणाहून काढलेला फोटो. मीटर निघण्यापूर्वी प्रमाणित (ज्याचा आकडा आधीच माहीत आहे अशा) द्रावणात तपासा आणि तेही लिहा. दर दहा नमुन्यांमागे एक नमुना दोनदा घ्या. दोन्ही उत्तरं जुळली नाहीत तर दोष नदीत नाही, तुमच्या पद्धतीत आहे. विचित्र आकडा खोडू नका, शेजारी शेरा लिहा.

जमेल तेव्हा प्रवाहही मोजा: ठराविक अंतर तरंगत्या लाकडी तुकड्याला किती सेकंद लागतात त्यावरून वेग काढा, पृष्ठभागावरचं पाणी जास्त वेगाने वाहतं म्हणून त्याला ०.८५ ने गुणा, मग पात्राच्या रुंदीने आणि सरासरी खोलीने. सेकंदाला एक घनमीटर वाहणाऱ्या नदीत लिटरमागे एक मिलिग्रॅम प्रदूषक म्हणजे दिवसाला ८६.४ किलो. बैठकीत मिलिग्रॅमने कोणी हलत नाही, किलोने हलतात.

पायरी ८: काही वाईट सापडलं तर

पहिल्याच वाईट आकड्यावर पत्रक काढू नका. पुन्हा जा, पुन्हा मोजा, दुसरा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेला द्या. तळाला मेलेले मासे किंवा उग्र वास असेल तर अर्थातच थांबू नका, संबंधित खात्याला त्याच तासाला कळवा. एरवी आधी त्या कारखान्याशी किंवा शेतकऱ्याशी बोला. फुटलेल्या पाइपचा मालकालाच पत्ता नसतो असंही होतं. बोलूनही हललं नाही तर लेखी तक्रार, सोबत नकाशा, तारखांसह आकडे आणि फोटो.

कायदा मात्र स्वतः वाचा. अमेरिकेतल्या हडसन नदीवरच्या मच्छीमारांनी १९६६ साली संघटना बांधली तेव्हा त्यांच्या हाती लागला तो १८९९ चा, जवळजवळ विसरला गेलेला कायदा. नदीत घाण टाकणाऱ्याची माहिती देणाऱ्याला दंडातला वाटा मिळण्याची तरतूद त्यात होती, आणि तिचा त्यांनी पुरेपूर वापर केला.

पायरी ९: दुरुस्ती आणि तिचा हिशेब

काठावर स्थानिक झाडांचा पट्टा, जनावरांना पात्रात उतरू न देणारं कुंपण आणि पाण्यासाठी वेगळी टाकी, गळक्या सेप्टिक टाक्यांची दुरुस्ती: बहुतेक उपाय असे साधेच असतात. काम सुरू करण्याआधी निदान वर्षभराची नोंद हातात ठेवा, नाहीतर फरक पडला हे दाखवणार कशावरून? परिणाम एका वेगाने येत नाहीत. कुंपण घातलं की जिवाणूंचे आकडे लवकर उतरू शकतात. तापमान रोपं वाढून सावली पडेपर्यंत हलत नाही. भूजलात मुरलेलं नायट्रेट तर खत कमी केल्यावरही कित्येक वर्षं झिरपत राहतं. देणगी देणाऱ्यांना हे वेळापत्रक पैसे घेतानाच सांगा आणि मोजणीचा खर्च त्याच अर्जात मांडा.